खांब सरळ हवा

बांधाला पुन्हा पोट आलं होतं.

शेळ्या सोडताना ते गवंड्याच्या नजरेस पडलं. गेल्या उन्हाळ्यात त्याने हा बांध पायापासून उकलून नव्याने रचला होता. एकेक दगड फिरवून, त्याची बसकी बाजू शोधून, फटींत दगडाच्या चिपा ठोकून. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, तरी हाताने हलवून हलणार नाही असा. आता पाऊस सरला होता आणि बांध मधोमध, छातीच्या उंचीला, खालच्या शेताकडे फुगला होता. दोन-तीन चिपा निखळून पडल्या होत्या त्याही खालच्या शेतातच. खालचं शेत धाकट्या भावाचं.

धाकटा बटाटे काढत होता. त्याने त्यातली एक चीप उचलली, बटाटा तपासावा तशी उलटसुलट करून पाहिली आणि वर फेकली.

"तुझी आहे ही," तो म्हणाला.

"माती पाणी प्यायलेली आहे. मागून दाब येतो," गवंडी म्हणाला.

"दाब येतो. आणि तो नेमका माझ्याकडेच येतो. एकदा तरी तुझा बांध तुझ्याकडे चालत जावा की, दादा. बदल म्हणून."

गवंड्याने सूत काढलं आणि घरामागच्या तुतीच्या झाडापासून बांधापर्यंतचं अंतर मोजलं. वडिलांनी त्याला हे अंतर शिकवलं होतं, बांध पुन्हा रचायचा तर आधी तुतीपासून मोजायचं. अंतर जेवढ्यास तेवढं भरलं. पोट तेवढं धरायचं नाही, पाया धरायचा. पाया जागेवर होता.

पण धाकट्याने तोवर मोजणीदाराला बोलावलं होतं. मोजणीदार आला, त्याने खालच्या रस्त्याच्या कडेचा जुना दगड धरला, नकाशा उघडला, तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं की बांध खालच्या शेतात दीड-दोन हात आत आलाय.

"तुतीपासून मोजा!" गवंडी म्हणाला.

"तुती नकाशात नाही," मोजणीदार म्हणाला.

गवंड्याने चार माणसांसमोर सूत लावून दाखवलं. अंतर बरोबर होतं. मोजणीदाराने दुर्बिणीतून दाखवलं. तेही बरोबर होतं. दोन्ही बरोबर कसं असेल, हे कुणीच विचारलं नाही, कारण एक जण खोटं बोलतोय हे समजायला सोपं होतं. आणि दर उन्हाळ्यात बांध उकलतो कोण? हातात पहार असते कुणाच्या?

गावातले निम्मे बांध गवंड्याच्या हातचे. आठवड्याभरात त्याला कळलं की बोलणं कुठवर गेलंय. चहाच्या टपरीवर गिरणीवाला हसत म्हणाला, "गवंडी, माझ्या बांधाकडे सध्या येऊ नकोस हं. आहे तिथे सुखात आहे तो." सगळे हसले. गवंडीही हसला आणि अर्धा चहा ठेवून उठला. शाळेच्या कुंपणाची भिंत त्याला मिळायची होती, ती पलीकडच्या गावातल्या माणसाला गेली. कुणी कारण सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

"तोंड उघडून एकदा भांडा तरी," बायको म्हणाली.

"काय भांडू? मोजणी त्याच्या बाजूने आहे."

"मग खरंच सरकवलात की काय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती शेळीची धार काढत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात क्षणभर थांबला होता.

*

पत्र्यावाली आली ती थंडीच्या तोंडाला. पोरसवदा मुलगी, पायांत जाड बूट, गाडीच्या टपावर चकचकीत पत्रे बांधलेले. नाव तिने सगळ्यांना सांगितलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पत्र्यावाली हेच पडलं.

तिला या उतारावर एक खांब रोवायचा होता आणि त्यावर ते पत्रे बसवायचे होते. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले. एखाद्या खोलीचा कोपरा कापून बाहेर आणावा, तसं ते दिसत होतं.

"आभाळातून उपग्रह जातो," ती अंगणात बसून सांगू लागली. "तो लहरी खाली सोडतो. या कोपऱ्यात शिरलेली लहर आल्या वाटेने परत जाते. परत गेलेल्या लहरीवरून कळतं, मागच्या फेरीपेक्षा हा कोपरा जवळ आला की लांब गेला. अगदी नखाएवढा सरकला तरी कळतं. ढग असोत, अंधार असो."

धाकटाही वर आला होता. भावाच्या अंगणात तो बसला नाही, उभाच राहिला. "मग घरात काय शिजतंय तेही कळत असेल."

"नाही हो काका. घरातलं नाही दिसत."

"म्हणजे जे बघण्यासारखं आहे ते सोडून दगडधोंडे बघतो."

"आणि आमचेच का?" गवंड्याने विचारलं. हा प्रश्न त्याला खरंच पडला होता. मोजणीदारामागून लगेच ही मुलगी येते, तीही मोजायलाच, याचा अर्थ काय?

"तुमचेच नाहीत. कितीतरी देशांत असे पत्रे लावलेत. वरच्या डोंगरांवरचा बर्फ आता लवकर वितळतो, पाऊस पडला तर सगळा एकदम पडतो. पाणी खोल मुरतं आणि उतार सुटायला लागतात. सगळीकडेच. कुठला किती सुटलाय ते माणसाला चालत फिरून कळणार नाही, म्हणून वरून बघायचं."

"तिथेही भाऊ भांडतात का?" गवंड्याच्या बायकोने विचारलं.

मुलगी हसली. बाकी कुणी हसलं नाही.

खांब कुठे रोवायचा यावरून सकाळ गेली. धाकटा म्हणाला, "माझ्या शेतात नको. उद्या म्हणाल, खांबापासून पुढचं सरकारचं. आणि याच्या शेतात तर मुळीच नको." शेवटी उरली ती एकच जागा, बांधाची रेघ. बांधाच्या टोकाला थोडे दगड बाजूला करून तिथे रोवायचं ठरलं. दुसरा तसाच खांब तिने शेतांच्या पलीकडे, काळ्या कातळावर बसवला. गवंड्याचा शेळ्यांचा गोठा त्या कातळावर होता. "हा कातळ हलत नाही, म्हणून हा खांब तुलनेसाठी," ती म्हणाली.

बांधातला खड्डा गवंड्यानेच खणला. मुलीबरोबर आलेली माणसं पहारीला नवखी होती, त्यांचं बघवेना. त्याने खांबाभोवती दगड भरले, चिपा ठोकल्या. पत्रे मुद्दाम तिरके आभाळाकडे वळवलेले होते, ते तिचं काम. पण खांब त्याचा होता. मुलगी पातळी लावून चारी बाजूंनी पाहत होती.

"काका, खांब अगदी सरळ हवा."

"सरळच असतो माझा," तो म्हणाला आणि ओळंबा सोडून दाखवला. दोरी खांबाला समांतर उभी राहिली. मुलगी पाहतच राहिली. बऱ्याच दिवसांत त्याच्या कामाकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

*

थंडी गेली. गवंड्याने बांधाचं पोट उकलून पुन्हा रचलं. धाकटा ते सगळे दिवस खालच्या शेतात काहीतरी काम काढून बसला. प्रत्येक दगड कुठे उतरतोय ते त्याला पाहायचं होतं. त्याच्या घरातून रंध्याचा आवाज यायचा. त्याचं दार चौकटीला अडकायचं. एकदा तासलं, महिन्याने पुन्हा अडकलं.

"सुताराने ओलं लाकूड घातलं," धाकटा बायकोला सांगत होता. "सगळे चोर आहेत."

खांब कलला होता, हे गवंड्याला कळलं ते चालता चालता. नजरच तशी होती त्याची. शेळ्यांमागे जाता जाता त्याने पाहिलं आणि पाय थबकले. ओळंबा लावला. खालच्या अंगाला बोटभर गेला होता.

त्याला स्वतःची लाज वाटली. आपण भरलेला खांब एका थंडीत कलतो? पत्र्यावाली येईल, बघेल, काय म्हणेल? धाकटा तर आधी बघेल. त्याने पहार घेतली, खालच्या बाजूने खांब दाबून उभा केला, नव्या चिपा ठोकल्या, तळाला पडलेली पोकळी भरून खांब मूळ उंचीला आणला. हाताला चांगलं काम केल्याची ऊब आली.

त्यानंतर तो लक्ष ठेवून राहिला. खांब कलला की तो सरळ करायचा. पुन्हा कलला, पुन्हा सरळ केला. धाकटा शेतात नसेल असा मोका तो बघायचा, कारण बांधावर पहार घेऊन उभं राहणं आता चांगलं दिसत नव्हतं. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. दात आले की लहान मूल जसं जिभेने तिथेच चाचपत राहतं, तसं त्याला त्या खांबाशी गेल्यावाचून राहवत नव्हतं.

*

पावसाळा जवळ आला तेव्हा पत्र्यावाली परत आली. या वेळी ती हसली नाही. अंगणातल्या दगडावर तिने संगणक उघडला, धाकट्यालाही बोलावून घेतलं. त्याची बायकोही आली.

पडद्यावर एक रेघ होती. उतरत उतरत जाणारी, मग एकदम वर उडी मारलेली. पुन्हा उतरलेली, पुन्हा उडी.

"खांब खाली सरकतो आणि मग परत वर येतो," ती म्हणाली. "जमीन असं करत नाही. जमीन चढ चढत नाही. कुणी हात लावलाय का खांबाला?"

धाकटा हळूहळू भावाकडे वळला.

"शेळ्या अंग घासतात तिथे," गवंड्याची बायको म्हणाली. चटकन म्हणाली. गवंड्याला कळलं, तिला माहीत होतं. आणि तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल तेही कळलं.

मुलगी रेघेकडे पाहत होती. "शेळ्या... असेल," ती म्हणाली. तिला ते पटवून घ्यायचं होतं असं दिसत होतं.

गवंड्याला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. शेळ्यांवर जाऊ द्यायचं. पण मुलगी उठून खांबापाशी गेली, बसली, तळातल्या चिपांवर हात फिरवू लागली. चिपा आडव्या, घट्ट, एकीत एक अडकवलेल्या होत्या.

"शेळ्या चिपा नाही ठोकत," तो म्हणाला. "मी केलं."

"हां!" धाकट्याने मांडीवर थाप मारली. "ऐका! सगळ्यांनी ऐका! आठ महिने मला वेडा ठरवत होता. सवयच आहे त्याच्या हाताला. जे बांधावर असेल ते हलवायचं!"

"काका, पण का?" मुलीचा आवाज चिरकला.

"तूच म्हणालीस, खांब सरळ हवा."

"बसवताना!"

तो तिच्याकडे पाहत राहिला. बसवताना सरळ हवा आणि नंतर नको, असं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. कललेलं काम उभं ठेवायचं, मुद्दाम, आणि त्याच्या कलण्याकडे बघत बसायचं, हे त्याच्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती.

मुलीने डोकं दोन्ही हातांत धरलं. मग ती सांगत गेली. तिच्याकडे या उताराची खांबाआधीची, कित्येक वर्षांची उपग्रहाची चित्रं होती. त्यांत दोन्ही घरांची छपरं सरकताना दिसत होती. तुतीसकट, बांधासकट, सगळा उतारच खाली चाललाय असं दिसत होतं, आणि खालचं घर सगळ्यांत जोरात. "पण छपराचा पत्रा उन्हाने फुगतो, वाऱ्याने उचलतो. त्यावर पक्कं सांगता येत नाही. पक्कं सांगायला हा खांब होता. आता अहवालात मला लिहावं लागेल की खात्री नाही. खात्री नाही म्हटलं की कुणी काही करत नाही." ती धाकट्याकडे वळली. "काका, पावसाआधी तुम्ही घर सोडावं असं मला वाटतं."

धाकट्याने मान डोलावली. एकदा, दोनदा. सगळं उमगल्यासारखी.

"असं आहे होय," तो म्हणाला. "आधी बांध सरकवायचा. मग खांब. मग शिकलेली मुलगी आणून मला सांगायचं, घर सोड. घर सोडलं की शेत कुणाचं?" तो भावाकडे बोट करून थांबला. "एवढं कशाला केलंस, दादा? मागितलं असतंस तर..." पुढचं न बोलता तो उतरून गेला.

जाताना मुलगी गवंड्याला म्हणाली, "हलणाऱ्या वस्तूवरून हलणारी वस्तू मोजली की अंतर बरोबरच येतं. काही खरं कळायचं तर जे हलत नाही तिथून मोजायचं."

*

त्या संध्याकाळी गवंड्याने स्वतःच्या घराच्या चौकटीला ओळंबा लावला. हे घर बांधल्यापासून त्याने ते कधी केलं नव्हतं. आपल्याच माणसावर कुणी संशय घेतं का? दोरी वरच्या कोपऱ्याला चिकटून सुटली आणि खाली उंबऱ्यापाशी चौकटीपासून चांगली लांब लोंबत राहिली. बायको चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"मला बोलली होती जाऊ," ती म्हणाली. "त्यांच्या चुलीवर दूध एका बाजूनेच उतू जातं."

दुसऱ्या दिवशी तो कुंपणाच्या तारेचं वेटोळं घेऊन धाकट्याच्या अंगणाच्या कडेला उभा राहिला. आत गेला नाही.

"काळ्या कातळापासून ओढ्यापलीकडच्या सुळक्यापर्यंत तार ओढायची," तो म्हणाला. "दोन्ही टोकं तू बांध. मी हात लावत नाही. तारेवरून ओळंबा सोडायचा आणि जिथे टेकेल तिथे खूण करायची. पाऊस पडला की परत सोडायचा."

"बांधावर सोडशील आणि बांध हलवशील."

"मग कुठे सोडू ते तू सांग."

धाकट्याने विचार केला. डोळे बारीक करून चारी बाजूंना पाहिलं. मग त्याने स्वतःच्या दारातली दगडी पायरी टाचेने ठोकली. आजोबांनी बसवलेली, चार माणसांना न उचलणारी.

"इथे. ही तरी माझी मी सरकवत नाही ना?"

"तू कशाला सरकवशील."

तार धाकट्यानेच बांधली, दोन्हीकडे, आणि गाठींना डांबर फासलं. ओळंबाही त्याने स्वतःच्या हाताने सोडला, वाऱ्याने डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि छिन्नीने पायरीवर खूण खोदली. गवंडी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. छिन्नी तिरकी धरलीय, असं त्याच्या जिभेवर आलं होतं.

मग पाऊस लागला. आठवडाभर उघडीप नाही. गवंडी शेळ्यांना घेऊन जाता-येता खांबावरून जायचा. खांब कलत होता. डोळ्यांदेखत, रोज थोडा. त्याने हात काखेत दाबून धरले आणि नजर वळवून पुढे जायचा सराव केला. त्याला तो आजवरच्या सगळ्या कामांत अवघड गेला.

पाऊस थांबला त्या सकाळी धाकट्याने हाक मारली. नुसतीच, "दादा."

ओळंबा सोडलेला होता. त्याचं टोक खुणेवर नव्हतं. खूण टोकाच्या खाली, उताराकडे, पंजाभर पुढे गेली होती. पायरी गेली होती. पायरीमागचं दार गेलं होतं, दारामागचं घर.

"तारेचं टोक सोडलंस तू," धाकटा म्हणाला, पण त्या आवाजात जोर नव्हता. तो कातळापर्यंत गेला. डांबर तसंच होतं, त्यात त्याच्याच बोटाचा ठसा होता. ओढा ओलांडून सुळक्यापर्यंत गेला. तिथेही तसंच. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. तो पायरीवर बसला, नेहमी बसायचा तसा, आणि लगेच उठला, तापल्या तव्यावर बसल्यासारखा.

"बाबांनी तुतीपासून मोजायला सांगितलं होतं," गवंडी म्हणाला.

"तुतीही येतेय म्हणायची आपल्याबरोबर."

"तीही येतेय."

धाकट्याची बायको दारात उभी होती. तिने कुणाला विचारलं नाही. आत गेली आणि भांडी बाहेर आणून अंगणात मांडू लागली. दार तिच्या मागे अर्धं अडकून राहिलं.

*

काळ्या कातळावरच्या गोठ्यात शेळ्या एका कोपऱ्यात गेल्या आणि दोन्ही घरं उरलेल्यात आली. गवंड्याने पत्र्यावालीला फोन करून पंजाभर फरकाचं सांगितलं. ती म्हणाली, तार अहवालात घालता येणार नाही, पण खांबाची रेघ आता एकदाही वर उडालेली नाही, सरळ खाली चाललीय, आणि ती आता खात्रीने लिहील. "काका, हात नाही ना लावला?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"माझ्या भावाला विचार," तो म्हणाला आणि फोन धाकट्याकडे दिला.

धाकटा फोन कानाला लावून दारातून बाहेर पाहत राहिला. तिथून दोन्ही शेतं दिसत होती, बांध दिसत होता, आणि बांधाच्या टोकाला दारुड्यासारखा कललेला खांब. "नाही लावला," तो म्हणाला. "मी नजर ठेवून आहे."

बायकांनी मधे आडोसा हवा म्हणून सांगितलं. गवंडी दगड लावू लागला, धाकटा दगड आणून देऊ लागला. दगड देताना तो एकेक आधी स्वतः फिरवून पाहत होता.

"मधोमध घेतोयस ना?"

"मोजून घे."

धाकट्याने मोजून घेतलं, दोन्ही भिंतींपासून. मग भावाच्या खांद्यावरचा ओळंबा काढून घेतला, नव्या भिंतीला लावला आणि एक डोळा मिटून दोरी थांबायची वाट पाहू लागला.

"आहे का सरळ?" गवंड्याने विचारलं.

"आत्ता आहे," धाकटा म्हणाला. "उद्या परत बघू."